मुंबई-पुण्याजवळ ड्रिफ्टिंग शिकायचंय? कायदेशीर जागा अशी मिळवा

मुंबई-पुण्यात ड्रिफ्टिंग शिकू पाहणाऱ्या मुलामुलींचं गाडं अडतं ते जागेपाशी. गाडीची जुळवाजुळव होते, व्हिडिओ पाहून तंत्रही थोडंफार समजतं. पण मागची चाकं घसरवत गाडी आडवी फिरवायची कुठे? पैसे भरून आत शिरावं आणि आपल्याच गाडीवर सराव करावा अशी सोय इथे सहज हाताशी नाही. मग कुणीतरी म्हणतं, रात्री दोन वाजता बीकेसी रिकामं असतं. कुणी पाम बीच रोडचं नाव काढतं, कुणी खारघरचं, कुणी चाकणच्या एमआयडीसीतल्या रुंद रस्त्यांचं.

त्या वेळी ते रस्ते रिकामे नसतात. दुसरी पाळी संपवून सायकलवरून घरी निघालेला कामगार असतो, दुधाचा टेम्पो असतो, फुटपाथवर झोपलेली माणसं असतात. घसरणारी गाडी शिकणाऱ्याच्या ताब्यात नसते, आणि ती नसणारच, कारण तो शिकतोय. ड्रिफ्टिंग हा सुंदर खेळ आहे आणि तो इथे वाढावा असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच तो रस्त्यावर नको. कायदेशीर जागा मिळवता येते. ती बहुतेक वेळा आयती सापडत नाही, चार जणांनी मिळून, मालकाला विचारून, कागद करून उभी करावी लागते. ते कसं करायचं, तेवढंच इथे सांगतो.

पायरी १: ‘रिकामी’ आणि ‘खासगी’ यांतला फरक ओळखा

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये सार्वजनिक जागेची व्याख्या कलम २(३४) मध्ये आहे. रस्ता, गल्ली, वाट किंवा जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा त्यात येते, मग तिथून रहदारी आरपार जात असो वा नसो. म्हणजे रहदारी आहे की नाही हा मुद्दाच नाही. पहाटे तीनचा निर्मनुष्य रस्ताही सार्वजनिकच.

सोसायटीचं आवार किंवा मॉलचं पार्किंग खासगी मालकीचं, म्हणून चालेल असं बरेच जण धरून चालतात. तिथे जपून. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ च्या एका निकालात, विम्याच्या संदर्भात, असं म्हटलं होतं की खासगी मालकीच्या जागेतही लोकांची ये-जा असेल, अगदी नियंत्रित स्वरूपाची असेल, तरी ती सार्वजनिक जागा धरता येते. त्यामुळे आपल्याला नुसती खासगी जागा पुरत नाही. फाटक बंद करता येईल आणि सरावाच्या वेळी बाहेरचं कुणी आत येणार नाही, अशी जागा हवी.

रस्त्यावर पकडलं गेलं तर काय होतं? कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्याबद्दल पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तेच केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्हींची तरतूद. शर्यत लावली असेल तर कलम १८९ वेगळं. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर बेदरकार गाडी चालवण्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आहेच. चालक अल्पवयीन असेल तर कलम १९९(अ) खाली पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. सतरा वर्षांच्या मुलाला ‘एकदा फिरवून बघ’ म्हणत चावी देणाऱ्या काका-मामांनी हे लक्षात ठेवावं.

आणखी काही जागा सुरुवातीलाच यादीतून काढून टाका. समुद्रकिनारे नकोत. गोव्यात वाळूत गाडी घालणाऱ्या पर्यटकांवर गुन्हे दाखल होतात, आणि कोकणच्या किनाऱ्यावर भरतीत अडकलेल्या गाड्यांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. कोकणातले सडे आणि सह्याद्रीतली पठारं नकोत, तिथल्या पातळ मातीत पावसाळ्यात जे उगवतं ते एकदा चाकाखाली गेलं की लवकर परत येत नाही. बांधकाम चालू असलेले महामार्ग नकोत. ते वापरात आले नसले तरी कुणाच्या तरी ताब्यात असतात, आणि अंधारात तिथे खडीचा ढीग कुठे असेल ते कळत नाही.

घाटाचा मोह सगळ्यांत मोठा. ‘जपानमध्ये सगळे डोंगरातल्या रस्त्यांवरच शिकले’ हा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकला आहे. सुरुवात तिथे झाली हे खरं. पण तोच खेळ मोठा झाला तो बंदिस्त ट्रॅकवर आल्यानंतर. २००१ पासून डी-वन ग्राँप्री ही ड्रिफ्टिंगची स्पर्धा सर्किटवर होते आणि फुकुशिमा प्रांतातल्या एबिसू सर्किटवर ड्रिफ्टिंगसाठी वेगवेगळ्या आकाराचे ट्रॅकच आहेत. ताम्हिणीच्या वळणावर समोरून एसटी येते, एवढं कारण मला पुरेसं आहे.

पायरी २: किती जागा लागते ते मोजून घ्या

नवशिक्याला सर्किट लागत नाही. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं, म्हणून थोडं गणित मांडतो.

शिकायची पहिली गोष्ट म्हणजे डोनट, एका कोनभोवती (रस्त्यावर ठेवतात तो प्लॅस्टिकचा शंकू) गोल फिरत मागची चाकं घसरती ठेवणं. त्याला साधारण १० मीटर त्रिज्येचं वर्तुळ पुरतं. सभोवती २० मीटर मोकळी जागा सोडली की ६० बाय ६० मीटरचा चौरस झाला. म्हणजे ३,६०० चौरस मीटर, आपल्या भाषेत सुमारे ३६ गुंठे. एकरभरसुद्धा नाही. पुढचा टप्पा आठचा आकडा. दोन कोन २५ मीटर अंतरावर ठेवले तर ८५ बाय ६० मीटर लागतात, म्हणजे साधारण सव्वा एकर. पहिले काही महिने याहून जास्त जागेचा तुम्हाला उपयोगही नाही.

आता वेग. १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात कोरड्या डांबरावर टायरची पकड सुटायला ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. तीच जागा गुळगुळीत काँक्रीटची असेल आणि टँकरने ओली केली असेल तर २२-२३ लाच गाडी सुटते. वेग एवढा उतरला की गाडीतली ऊर्जा निम्मी होते. चूक झाली तर गाडी पाच-सात मीटरांत थांबते, टायर कमी झिजतात, आवाज कमी होतो, क्लचही वाचतो. तेव्हा ‘ओली करता येईल अशी, सपाट, सव्वा एकराची, फाटक असलेली जागा’ हे आपलं शोधाचं वाक्य. ते डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढचा सगळा शोध त्यावर चालतो.

पायरी ३: गाडीचा विचार, थोडक्यात

खऱ्या ड्रिफ्टसाठी मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी हवी. आपल्याकडे अशा गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत, पण सगळ्या कामाच्या नाहीत. इनोव्हा क्रिस्टा, सुमो, बोलेरो, स्कॉर्पिओ या रिअर व्हील ड्राइव्ह असल्या तरी उंच आहेत. कोरड्या डांबरावर आडव्या सोडल्या तर उलटू शकतात. त्यांचा नाद करू नका. जुनी बीएमडब्ल्यू थ्री सिरीज किंवा मर्सिडीज सी क्लास बुटकी आहे आणि तोल चांगला आहे, मात्र सुटे भाग महाग. कॉन्टेसा किंवा प्रीमियर पद्मिनी चांगल्या स्थितीत असेल तर माझं ऐका, ती जपून ठेवा.

स्विफ्ट, आय-ट्वेंटी, पोलो अशी पुढच्या चाकांची गाडी असेल तर नाराज होऊ नका. मागच्या चाकांखाली कॅन्टीनमधले प्लॅस्टिकचे ट्रे ठेवायचे, हँडब्रेक ओढून मागची चाकं अडकवायची आणि हळू पुढे जायचं. मागचा भाग बर्फावर असल्यासारखा सरकतो. १०-१५ च्या वेगात काउंटर स्टिअर, म्हणजे गाडीचा मागचा भाग घसरतो त्या दिशेला स्टिअरिंग वळवणं, शिकायला याच्याइतकी स्वस्त युक्ती नाही. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असलेल्या गाडीत मात्र हे जमत नाही.

डिफरन्शियल वेल्ड करणं (म्हणजे मागची दोन्ही चाकं कायम एकाच वेगाने फिरतील असं जोडणं), स्टिअरिंगचा अँगल वाढवणं असले बदल एवढ्यात करू नका. कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या मूळ रचनेशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं आहे. असे बदल केलेली गाडी सरावाच्या जागेपर्यंत फ्लॅटबेडवर टाकूनच न्यावी लागते.

पायरी ४: जागा मिळेपर्यंत हात तयार करा

जागेचा शोध काही आठवडे चालतो. तोवर दोन गोष्टी चालू ठेवा. पहिली, सिम्युलेटर. असेटो कोर्सासारखा सिम्युलेटर आणि ९०० अंश फिरणारं फोर्स फीडबॅक (खऱ्या गाडीसारखा हाताला जोर देणारं) स्टिअरिंग असेल तर स्टिअरिंग हातातून सोडून स्वतः फिरू द्यायचं आणि नेमक्या क्षणी पकडायचं, ही सवय घरबसल्या लागते. मित्राकडे असेल तर तासभर मागून घ्या. पाठीला कळणारा तोल मात्र त्यात कळत नाही.

त्यासाठी दुसरी गोष्ट, कार्टिंग. मुंबई-पुण्यात भाड्याने कार्ट देणारे ट्रॅक आहेत. कोल्हापूरला मोहिते रेसिंगचा ट्रॅक आहे, तिथे राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. पुण्याहून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, शनिवार-रविवारी जाऊन येण्यासारखं. भाड्याच्या कार्टला बहुधा ब्रेक फक्त मागच्या ॲक्सलला असतो, त्यामुळे वळणात शिरताना जरा जास्त ब्रेक लागला की मागचा भाग सुटतो. तो क्षण ओळखायला शिका. मुद्दाम घसरवत राहिलात तर मार्शल बाहेर काढेल, आणि ते बरोबरच आहे. पण पावसाळ्यात गर्दी नसताना ट्रॅकच्या व्यवस्थापकाशी नीट बोललात तर ओल्या ट्रॅकवर एखादं वेगळं सत्र मिळू शकतं. विचारायला संकोच करू नका.

पायरी ५: नकाशा उघडा आणि मालक शोधा

सॅटेलाइट नकाशावर भिवंडी, तळोजा, खालापूर, तळेगाव, चाकण, रांजणगाव, शिरवळ हा सगळा पट्टा नजरेखालून घाला. करड्या रंगाचे मोठे चौकोन दिसतील. त्यांतले बरेचसे चालू गोडाऊन असतात, त्यांना सोडा. आपल्याला हवेत ते असे:

ट्रान्सपोर्टवाल्यांची पार्किंग यार्ड. आठवडाभर ट्रक उभे असतात, रविवारी सकाळी बराच भाग मोकळा असतो. जमीन काँक्रीटची आणि मजबूत. मालक गाड्यांच्या धंद्यातला, त्यामुळे टायर जळाल्याच्या काळ्या खुणांना घाबरत नाही. माझ्या मते पहिला फोन इथेच करावा.

बंद पडलेल्या किंवा विक्रीला काढलेल्या कारखान्यांची आवारं. जमीन उत्तम, भिंत आहे, वॉचमन आहे. अडचण एवढीच की मालकी कधीकधी बँकेकडे किंवा कोर्टाच्या वादात अडकलेली असते. मालक कोण हे कागदावर स्पष्ट नसेल तर वॉचमनच्या तोंडी परवानगीवर आत शिरू नका. ती परवानगी नव्हेच.

साखर कारखान्यांचे ऊसगाड्यांचे तळ. हे फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही. गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलला संपतो. त्यानंतर जिथे शेकडो ट्रॅक्टर-ट्रॉल्या रांगेत उभ्या असायच्या ते आवार मोकळं पडतं. पुणे, सातारा, अहिल्यानगर, सोलापूर पट्ट्यात असे कारखाने खूप आहेत. बऱ्याच ठिकाणी जमीन मुरमाची असते. मुरमावर गाडी अजून कमी वेगात घसरते, धूळ उडते, खडे लागून रंग जातो, पण शिकायला ती चालते. सहकारी कारखाना असेल तर अर्ज कार्यकारी संचालकांच्या नावे करा, आणि गावातला, संचालकांना ओळखणारा एखादा माणूस सोबत न्या. ओळखीशिवायही काम होतं, फक्त हेलपाटे वाढतात.

प्रदर्शनाची मैदानं आणि लग्नाच्या लॉनची पार्किंग. लग्नसराई नसताना, म्हणजे चातुर्मासात, यांचं उत्पन्न आटलेलं असतं. भाव करायला हीच वेळ. पेव्हर ब्लॉक असतील तर मात्र नको, ब्लॉक उखडतात आणि भरपाईचा वाद होतो.

इंजिनिअरिंगला असाल तर कॉलेजच्या बाहा किंवा फॉर्म्युला संघात, म्हणजे स्वतः गाडी बांधून स्पर्धेत उतरवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संघात, शिरा. त्या संघांना गाडीच्या चाचणीसाठी आवारात जागा मिळते, प्राध्यापक जबाबदार असतात, सुरक्षिततेची शिस्त आपोआप येते. ड्रिफ्टिंगला थेट हो म्हणणारं कॉलेज क्वचितच भेटेल. ‘वाहन नियंत्रण सराव’ असा अर्ज ओल्या स्किडपॅडच्या (गाडी घसरवून पाहायच्या मोकळ्या जागेच्या) आराखड्यासह गेला तर विचार होतो, आणि खरोखर आपण करतोय तेही तेच.

खासगी धावपट्ट्या हे सगळ्यांचं स्वप्न. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. पण तो मोठ्या आयोजकांचा, मोठ्या खर्चाचा आणि परवानग्यांचा मामला. पाच मित्रांनी तिथून सुरुवात करू नये.

पायरी ६: मालकाशी बोलणं आणि कागद

मालकाच्या मनात चार भीती असतात: पोलीस येतील, कुणी मरेल, जमीन खराब होईल, शेजारी तक्रार करतील. तो ‘ड्रिफ्टिंग’ हा शब्द ऐकतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर ३१ डिसेंबरची रात्र उभी राहते. म्हणून फोनवर सगळं सांगत बसू नका. भेट मागा, आणि जाताना एक पानी अर्ज न्या. साधारण असा:

‘नमस्कार साहेब. आम्ही पाच जण आपल्या यार्डाचा दक्षिणेकडचा मोकळा भाग रविवारी सकाळी सात ते अकरा भाड्याने मागत आहोत. ओल्या जमिनीवर, ताशी ३० च्या आतल्या वेगात, गाडी घसरल्यावर सावरण्याचा सराव करायचा आहे. एका वेळी एकच गाडी चालेल. फाटक बंद राहील, प्रेक्षक नसतील, शर्यत नसेल. सर्व चालक १८ वर्षांवरील व लायसन्सधारक आहेत. पाण्याचा टँकर, अग्निशामक व प्रथमोपचार आम्ही आणू. अनामत रक्कम आधी जमा करू, नुकसान झाल्यास त्यातून वळती करावी. आपल्या जागेचं नाव किंवा व्हिडिओ आम्ही कुठेही टाकणार नाही.’

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. एखादी जागा हातची गेली तर ती बहुतेक अपघातामुळे जात नाही, रीलमुळे जाते. एकाने लोकेशन टाकलं की पुढच्या रविवारी फाटकावर वीस अनोळखी गाड्या उभ्या राहतात आणि मालक सगळ्यांनाच हाकलतो.

मालक तयार झाला की स्टॅम्प पेपरवर छोटा करार करा. त्यात जागेचा पत्ता, गट नंबर, तारीख-वेळ, भाडं, अनामत, नुकसानभरपाई आणि ‘सहभागी स्वतःच्या जबाबदारीवर आले आहेत’ हे कलम असू द्या. करार करणारा खरोखर मालक आहे ना, हे सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावरून पाहा. भाडेकरू असेल तर मूळ मालकाची संमती लागेल. प्रत्येक चालकाकडून वेगळं संमतीपत्र घ्या, त्यात रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर हवा. हा कागद असला तरी निष्काळजीपणा माफ होत नाही. इतरांचा जीव धोक्यात घालण्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आणि निष्काळजीपणामुळे मृत्यूबद्दलचं कलम १०६ फाटकाच्या आतही लागू असतं.

मग स्थानिक पोलीस ठाण्यात माहितीचं पत्र द्या, कराराची प्रत जोडा, आणि आपल्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. त्यांनी हरकत घेतली तर कार्यक्रम रद्द, वाद घालायचा नाही. गाव जवळ असेल तर सरपंचांच्या कानावर घाला. दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस आणि गावची जत्रा टाळा. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, औद्योगिक भागात ७५. औद्योगिक पट्ट्यातली जागा शोधण्याचं हेही एक कारण. सायलेन्सर काढलेली गाडी सरावाला आणूच देऊ नका.

विम्याबद्दल गैरसमज फार आहेत. नेहमीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असा भाग असतो. संघटित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या त्यातून वगळलेल्या असतात. सरावात गाडी ठोकली तर क्लेम मिळणार नाही असं धरूनच चला, आणि खोटी जागा सांगून क्लेम करण्याचा विचारही मनात आणू नका. हप्ता चालू असलेली घरची एकुलती गाडी या कामाला नको, असं मी म्हणतो ते यासाठीच.

पायरी ७: गाडी आत नेण्याआधी जागा पायी फिरा

ही पायरी लोक गाळतात. आदल्या दिवशी उजेडात संपूर्ण जागा चालून पाहा, सरळ रेषांत, शेत नांगरल्यासारखी. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली फट बोटभर उंच-खाली असेल तर आडवी सरकणारी गाडी तिथे अडते आणि उचलली जाते. जुन्या शेडचे खांब कापून नेलेले असतात, पण जमिनीतून दोन इंच वर आलेले बोल्ट राहतात. तेच टायर फाडतात. चेंबरची झाकणं पाय देऊन पाहा, डुगडुगतात का. विजेच्या खांबाचे ताण दिलेले तारांचे आधार लांबून दिसत नाहीत, त्यांना रंगीत फडकी बांधा. डिझेल-ऑइलचे डाग असतील तर त्यावर माती किंवा भुसा टाका. पावसाळ्यात सावलीच्या बाजूला काँक्रीटवर शेवाळ धरतं. तिथे गाडी घसरत नाही, वाहत जाते, आणि त्यातून शिकण्यासारखं काही नसतं. तो भाग कोन लावून बंद करा.

भिंत, खांब, झाड यांपासून २० मीटर अंतर पावलांनी मोजा. कुत्री आत कुठून येतात ते वॉचमनला विचारा, त्याला नक्की माहीत असतं. सर्वात जवळचं ट्रॉमाची सोय असलेलं हॉस्पिटल कुठलं, तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या फोनमध्ये फोटो ठेवा. ॲम्ब्युलन्ससाठी १०८, बाकी सगळ्यासाठी ११२.

पायरी ८: पहिली सकाळ

उन्हाळ्यात सातला सुरू करून दहाला संपवा. टँकरवाल्याला नेमक्या वेळेची आठवण आदल्या रात्री करून ठेवा, सगळा खोळंबा तिथेच होतो.

गाडीतून सगळं बाहेर काढा: फ्लोअर मॅट, पाण्याच्या बाटल्या, डिकीतली स्टेपनी आणि जॅक, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा. पायाखाली घरंगळत आलेली बाटली ब्रेक पेडलखाली अडकते. चाकांचे नट पान्याने घट्ट करा आणि प्रत्येक सत्रानंतर पुन्हा तपासा. बॅटरी हलत नाही ना पाहा. पुढचे टायर चांगले, मागचे जुने चालतील, पण तार दिसणारा टायर नको. मागच्या टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवली की गाडी लवकर सुटते, टायरवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या आत मात्र. हेल्मेट आणि सीट बेल्ट सक्तीचे, काचा वर. बाजूच्या सीटवर फक्त शिकवणारा बसेल, बाकी सगळे कोनच्या रेषेबाहेर, गाडीच्या आड. दोन किलोचा पावडरचा अग्निशामक हाताशी आणि तो चालवता येणारा एक माणूस ठरलेला.

ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकं घसरू न देणारी यंत्रणा, पूर्ण बंद करा. काही गाड्यांत बटण नुसतं दाबलं की अर्धवट बंद होतं, काही सेकंद दाबून धरावं लागतं.

सुरुवात डोनटने. कोनभोवती दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश फिरा. ओल्या जमिनीवर एका ठरावीक वेगाला पुढचा भाग बाहेर जायला लागतो, तो अंडरस्टिअर. आता ॲक्सिलरेटरला एक छोटा, ठाम झटका. मागचा भाग बाहेर निघाल्याचं डोळ्यांआधी कमरेला कळतं. इथे सगळे नवशिके एकच गोष्ट करतात, ॲक्सिलरेटर एकदम सोडतात. वजन पुढे जातं, मागची चाकं एकाएकी पकड घेतात आणि गाडी उलट्या दिशेला फेकली जाते. त्याऐवजी पाय तसाच अर्ध्यावर ठेवा आणि स्टिअरिंगवरची पकड सैल करा. पुढची चाकं घसरण्याच्या दिशेला आपणहून वळू लागतात, स्टिअरिंग तळहातातून सरकतं. ते जिथे थांबावंसं वाटेल तिथे धरा. नजर बॉनेटवर नको, कोनच्या पलीकडे, जिथे पोचायचंय तिथे.

गाडी पूर्ण फिरली तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून थांबा. सावरायचा प्रयत्न अर्ध्यावर सोडून पुन्हा पकडायला जाऊ नका. एका सत्रात पाच-सात मिनिटं, मग गाडी थंड होऊ द्या, टेंपरेचरचा काटा बघा. दोन्ही दिशांना डोनट सलग जमू लागल्याशिवाय आठच्या आकड्याकडे वळू नका. घड्याळाच्या दिशेने बहुतेकांना जड जातं, कारण आपण उजवीकडे बसतो आणि आतला कोन जवळून दिसतो, त्यामुळे नजर त्यालाच चिकटते. त्या बाजूला जास्त वेळ द्या.

पायरी ९: मोठे ट्रॅक आणि अधिकृत स्पर्धा

सव्वा एकर पुरेनासा झाला की दक्षिणेकडे बघा. कोइम्बतूरजवळ चेट्टिपालयमला कारी मोटर स्पीडवे आहे, २.१ किलोमीटरचा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक १९९० पासून चालू आहे, सुमारे ३.७ किलोमीटरचा. उत्तरेला ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ भारताची फॉर्म्युला वन शर्यत झाली. आपल्यापासून तिन्ही हजार किलोमीटरच्या पलीकडे, म्हणून गाडी घेऊन जाण्याआधी तिथल्या ट्रॅक डेला (पैसे भरून आपली गाडी ट्रॅकवर चालवायच्या दिवशी) ड्रिफ्टिंगला परवानगी आहे का हे लेखी विचारा. बऱ्याच ट्रॅक डेमध्ये मुद्दाम घसरवणाऱ्याला काळा झेंडा दाखवून बाहेर काढतात. ट्रॅकच्या गाडीवर शिकवणारे वर्ग मिळाले तर ते अधिक फायद्याचे, आपली गाडी घरी राहते.

देशातल्या मोटरस्पोर्टची अधिकृत संस्था एफएमएससीआय आहे. तिचं स्पर्धा लायसन्स काढा आणि जवळपास होणाऱ्या ऑटोक्रॉसच्या फेऱ्यांवर लक्ष ठेवा. मातीवरचा ऑटोक्रॉस, म्हणजे आखलेल्या छोट्या मार्गावर वेळ लावून गाडी चालवायची स्पर्धा, हा ड्रिफ्टचा सख्खा भाऊ आहे. घसरती गाडी सांभाळण्याचं कसब दोन्हीकडे एकच, आणि तिथे मार्शल, ॲम्ब्युलन्स, स्क्रूटिनी (गाडीची आधी होणारी तपासणी) सगळं तयार असतं. कुठल्याही कार्यक्रमाचे पैसे भरण्याआधी आयोजकाकडे एफएमएससीआयचा परवाना क्रमांक मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर ते पैसे टायरला ठेवा.

मार्शल म्हणून नाव नोंदवणं हा तर सर्वांत कमी खर्चाचा रस्ता आहे. दिवसभर वळणावर उभं राहून चांगले चालक नेमकं कधी पाय उचलतात ते दिसतं, आणि जागा असलेल्या, गाड्या असलेल्या, शिकवू शकणाऱ्या माणसांशी ओळख होते. पुढची जागा पुष्कळदा त्याच ओळखीतून मिळते.

आणि यार्ड सोडण्याआधी रबराचे तुकडे झाडून गोळा करा, कोन मोजून घ्या, टायर तिथेच टाकून येऊ नका. संध्याकाळी मालकाला फोन करून सगळं सुखरूप झाल्याचं कळवा, फाटकापाशी एखादा पाइप वाकला असेल तर तोही सांगा, आणि त्याच फोनवर पुढच्या महिन्याची तारीख मागून घ्या.